लिहिता येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही?

प्रोजेक्टचा विषय दिला की वर्गातून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, किती पानं?" दुसरा, "हाताने लिहायचं की टाइप करून?" विषयाबद्दलचा प्रश्न क्वचितच येतो. मी ठाणे-वाशी पट्ट्यात शिकवते. कळवा, दिवा, ऐरोली, कोपरखैरणे इथून येणारी मुलं समोर असतात आणि त्यातली बरीच जण पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात, "मला लिहिता येत नाही."

ही तक्रार खोटी नाही, पण मोघम आहे. काय येत नाही? शुद्धलेखन? इंग्रजी? बसून लिहायचा धीर नाही? की सांगण्यासारखं काही सापडतच नाही? या चार वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांवरचे इलाजही वेगळे. त्यातली चौथी बहुतेक वेळा पहिल्या तिघींच्या आड लपलेली असते, म्हणून मुलं व्याकरणाचं पुस्तक विकत घेतात आणि लिखाण होतं तिथेच राहतं.

ओटा लहान, भांडी फार

शाळेत आपल्याला 'मुद्द्यांच्या आधारे निबंध' लिहायची सवय लागते. मुद्दे छापून मिळतात, आपण ते फुलवायचे. त्यातून एक समजूत घट्ट बसते की विचार आधी तयार असतो आणि लिहिणं म्हणजे तो नीटनेटका उतरवणं. कॉलेजात मुद्दे कुणी देत नाही. मग कोऱ्या पानासमोर बसलेल्या मुलाला वाटतं, बाकीच्यांच्या डोक्यात सगळं तयार आहे, माझंच डोकं रिकामं आहे.

लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोन अमेरिकी अभ्यासकांनी लोकांना लिहायला बसवलं आणि सांगितलं, लिहिताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. त्या बोलण्यावरून त्यांनी १९८१ मध्ये लिहिण्याच्या क्रियेचं जे चित्र मांडलं, ते शाळेतल्या चित्रापेक्षा बरंच वेगळं होतं. आधी ठरवा, मग लिहा, मग तपासा अशा सरळ रांगेत लिहिणं चालत नाही. लिहिता लिहिता बेत बदलतो, तपासताना नवा मुद्दा सुचतो आणि आपल्याला काय म्हणायचं होतं ते पुष्कळदा दुसऱ्या पानावर कळतं. डोकं रिकामं आहे असं वाटणाऱ्या मुलाला मी हेच सांगते, की विचार लिहिण्याच्या आधी नसला तरी चालतो. तो लिहिताना येतो. मात्र त्यासाठी लिहायला सुरुवात करावी लागते आणि पहिल्या खेपेला आलेलं वाईट लिखाण सहन करावं लागतं.

वाईट लिखाण सहन का करायचं, याला कारण आहे. आपण एका वेळी जेवढं डोक्यात धरू शकतो, ती जागा फार थोडी असते. छोट्या स्वयंपाकघरातला ओटाच म्हणा. लिहिताना त्या ओट्यावर एकाच वेळी मुद्दा ठेवायचा, वाक्य ठेवायचं, 'की' ऱ्हस्व का दीर्घ ते ठेवायचं, वाचणाऱ्या मॅडम काय म्हणतील तेही ठेवायचं. काहीतरी खाली पडणारच, आणि पडतो तो मुद्दा, कारण शुद्धलेखनाची चूक लाल शाईत दिसते आणि हरवलेला मुद्दा दिसत नाही. म्हणून कामं वेगळी करायची. पहिल्या खर्ड्यात फक्त मुद्दा. अर्धी वाक्यं, मध्येच इंग्रजी शब्द, कंसात 'इथे आकडा शोधायचा आहे' असं काहीही चालेल. शुद्धलेखन सगळ्यांत शेवटी.

शुद्धलेखनाची जेवढी दहशत आहे तेवढे त्याचे नियमही नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, असे मिळून १८. दोन-चार पानांचा मामला आहे. एका सुट्टीत बसून समजून घ्या आणि मग दर वेळी शेवटच्या वाचनात लावा. खर्डा लिहिताना ते आठवत बसलात तर पहिलाच परिच्छेद रात्रभर चालेल.

फ्लेमिंगोचा परिच्छेद

नेरूळहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने पर्यावरणाच्या प्रोजेक्टला फ्लेमिंगो हा विषय घेतला. पहिला खर्डा असा सुरू होत होता:

"पर्यावरणाचे रक्षण ही आज काळाची गरज आहे. निसर्ग आपल्याला भरभरून देतो, परंतु मानव स्वार्थापोटी निसर्गाचा ऱ्हास करत आहे. फ्लेमिंगो हा एक अतिशय सुंदर व मोहक पक्षी असून तो दरवर्षी ठाणे खाडीत येतो."

यात व्याकरणाची एकही चूक नाही. माहितीही फारशी नाही. फ्लेमिंगोच्या जागी वाघ किंवा चिमणी घातली तरी पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी चालतील. (माझं चाललं तर 'काळाची गरज' या दोन शब्दांवर पाच वर्षांची बंदी घालीन.) पुढच्या पानावर तिने दोन वर्षंही दिली होती, २०१५ मध्ये खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. दोन्ही बरोबर. पण ती नुसतीच तिथे होती, त्यांचं पुढे काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

मी वही मिटली आणि विचारलं, "तू स्वतः पाहिलेत का?"

"रोज दिसतात, मॅडम. भरती आली की आमच्याकडच्या पाण्यात येऊन उभे राहतात."

"भरतीलाच का?"

हे तिला माहीत नव्हतं. तिने भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या, गच्चीवरून बघून वहीत टिपल्या, थोडं वाचलं. आठवड्याने आलेला परिच्छेद असा होता:

"२०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. पण फ्लेमिंगो दिवसभर अभयारण्यात राहत नाहीत. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा ते नेरूळच्या उथळ पाणथळीत येऊन थांबतात. ही पाणथळ अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे पक्ष्यांच्या चरायच्या जागेला अभयारण्याचे संरक्षण आहे, विसाव्याच्या जागेला ते नाही."

मुलगी तीच, तिची भाषाही तीच. शब्दसंपत्ती तर कमीच झाली, 'मोहक' गेला, 'स्वार्थापोटी' गेला. आला तो एक प्रश्न. तो आला तसं २०१५ हे वर्ष कामाला लागलं, कारण अभयारण्याची हद्द कुठे संपते हे आता महत्त्वाचं झालं होतं. चांगल्या लिहिणाऱ्यांच्या सवयी कोणत्या असं कुणी विचारलं तर मी कुतूहल पहिल्या नंबरावर ठेवते ते याचसाठी. कुतूहल हा जन्मजात गुण आहे असं समजून सोडून देऊ नका. 'का?' आणि 'कुठे?' हे दोन प्रश्न आपल्याच वाक्याला विचारायची ती सवय आहे, आणि ती लावून घेता येते.

नॅन्सी सोमर्स या लेखनाच्या अभ्यासक प्राध्यापिकेने १९८० मध्ये २० नवखे विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक यांचं पुनर्लेखन शेजारी ठेवून पाहिलं. प्रत्येकाने तीन निबंध लिहिले आणि प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहिला. विद्यार्थ्यांच्या लेखी पुनर्लेखन म्हणजे शब्दांची अदलाबदल, हा शब्द पुन्हा आला, तो काढून दुसरा घाल. अनुभवी लेखक मात्र आपला मुद्दा नक्की काय आहे, त्याचा आकार काय आणि वाचणाऱ्याला तो कसा दिसेल हे शोधत होते. त्यासाठी परिच्छेद उडवायला किंवा वरचा खाली न्यायला त्यांना काही वाटत नव्हतं.

आमच्याकडे ही शब्दांची अदलाबदल आणखी एका कारणाने फोफावली आहे. तृतीय वर्षाचं ब्लॅकबुक, म्हणजे बांधून द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट आला की मुलं मागच्या बॅचचं ब्लॅकबुक मिळवतात आणि प्लॅजरिझमचा, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाचा टक्का उतरवायला बसतात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम मुळात प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहेत. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर पायऱ्या आहेत. खाली झिरपत झिरपत त्यांचा अर्थ उरला एवढाच, की रिपोर्टमध्ये आकडा खाली आला पाहिजे. मग 'महत्त्वाचे'चं 'मोलाचे' होतं, 'वाढ झाली'चं 'वृद्धी झाली' होतं. तासन्‌तास मेहनत होते आणि त्या मेहनतीतून विषयातलं काहीही कळत नाही. तेवढ्याच वेळात सोसायटीतल्या चार दुकानदारांशी बोलून एक खरं पान लिहून होतं.

तुम्हाला स्वतःला करता येईल अशी एक गोष्ट सांगते, मला ती सगळ्यांत उपयोगी वाटते. खर्डा पूर्ण झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, तो परिच्छेद काय सांगतो ते पाच-सहा शब्दांत लिहा. मग लेख बाजूला ठेवून फक्त समास वाचा. दोन परिच्छेद तेच सांगत असतील तर लगेच दिसतं. एखाद्या परिच्छेदासमोर काही लिहिताच आलं नाही, तर तो परिच्छेद काही सांगत नाही, पान भरतो आहे. मुलांना हे करायला सांगितलं की पहिल्यांदा चेहरे पडतात, कारण पाच पानांची दीड होतात. "पण मॅडम, किती पानं..." असं कुणीतरी पुटपुटतंच.

वाचणाऱ्याला काय माहीत नाही

वर्गात एक खेळ घेते. एकाने बाकावर बोटांनी गणपतीची आरती वाजवायची, शब्द किंवा चाल न म्हणता, आणि दुसऱ्याने ओळखायचं. वाजवणाऱ्याच्या डोक्यात झांजा वाजत असतात, ऐकणाऱ्याला ऐकू येते नुसती टकटक. हा खेळ माझा नाही. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटनने १९९० मध्ये हाच प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं निम्म्या वेळा तरी समोरचा ओळखेल. प्रत्यक्षात वाजवलेल्या १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३.

आपल्याला एखादी गोष्ट माहीत झाली की ती माहीत नसलेला माणूस कसा असतो हे आपण विसरतो. लिखाणात याचा फटका सगळ्यांत जास्त अशा मुलांना बसतो ज्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. एका मुलाचे वडील वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजार समितीत, कांदा-बटाटा मार्केटमध्ये. त्याने कांद्याच्या भावावर लिहिलं आणि एका ओळीत टाकून दिलं, "आडत, तोलाई, वाराई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात जे उरते..." मी थांबवलं. "तोलाई म्हणजे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. हे माहीत नसलेली माणसं असतात? मग त्याने सांगितलं, आडत म्हणजे आडत्याचं कमिशन, तोलाई वजन करण्याचे पैसे, वाराई माल चढवण्या-उतरवण्याचे, आणि कोणता पैसा कुणाच्या खिशातून जातो यावरच भांडणं होतात. ते सगळं पानावर आल्यावर तेच त्याच्या प्रोजेक्टमधलं सर्वांत वाचनीय पान ठरलं. आधी त्याला वाटत होतं की खरा मजकूर इंटरनेटवरून आणायचा असतो आणि बाबांच्या मार्केटमधलं काही प्रोजेक्टमध्ये चालत नाही.

म्हणून एक वाचक लागतो, जिवंत. रूममेट, ताई, ट्रेनमधली मैत्रीण, कुणीही. फक्त त्याला "कसं वाटलं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "छान" असतं आणि व्हॉट्सॲपवर तर नुसता अंगठा येतो. "कुठे अडखळलीस?" असं विचारा. "तुला यातून काय कळलं ते मला सांग" असं म्हणा आणि गप्प बसून ऐका. मध्येच "अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं" हे तोंडावर येतं, ते गिळा. तुम्हाला जे म्हणायचं होतं ते कागदावर नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि परीक्षकाशेजारी बसून समजावायला तुम्ही असणार नाही. टीका ऐकताना कान लाल होतात हे मान्य आहे. माझेही होतात.

जिवंत वाचक मिळाला नाही तर मोठ्याने वाचा. डोळा चुकीवरून घसरतो, जीभ अडते. ज्या वाक्यात मध्येच श्वास घ्यावा लागला त्या वाक्याचे दोन करा.

इंग्रजीचं काय?

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा हा खरा सल आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण आधी तपासून पाहावं. जे इंग्रजीत लिहायचं आहे ते मैत्रिणीला मराठीत, चहा पिताना सांगता येतं का? आलं, तर अडचण फक्त इंग्रजीची आहे आणि ती सरावाने सुटते. मराठीतही "म्हणजे... ते असं असतं ना..." इथेच गाडी अडली, तर विचार अजून तयार नाही. अशा वेळी कुठल्याही भाषेचा क्लास लावून फायदा नाही. माझ्या अनुभवात दुसरा प्रकार जास्त.

पहिला खर्डा बेलाशक मराठीत लिहा, किंवा आपण बोलतो तशा मिसळीत. फोनवर मराठी बोलून टाइप होतं, तेही वापरा. मग इंग्रजीत लिहिताना लहान वाक्यं घ्या. लांब वाक्य लिहिलं की हुशार दिसतो ही समजूत दोन्ही भाषांत सारखीच घातक आहे. मराठीत तिला 'सदर', 'उपरोक्त' आणि 'करण्यात येते' यांची जोड मिळते आणि बारावीपर्यंत छान बोलणारी पोरं कॉलेजात जीआरच्या भाषेत लिहू लागतात.

चॅटजीपीटीबद्दल विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही. मी बंदी घालत नाही, घालून पाळलीही जाणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की पहिला खर्डा त्याच्याकडून घेतलात तर विचार व्हायची जी जागा होती तीच देऊन टाकलीत. शिवाय तो काल्पनिक संदर्भही अगदी खात्रीने देतो. स्वतःचा खर्डा लिहून झाल्यावर त्याला "यावर वाचक कोणते प्रश्न विचारेल?" असं विचारलंत तर कामाचं काहीतरी मिळू शकतं.

थोडं, पण रोज

अमेरिकेतल्या लेखनशिक्षकांच्या तीन संघटनांनी २०११ मध्ये, कॉलेजात लिहिताना उपयोगी पडणाऱ्या मनाच्या आठ सवयींची यादी केली. कुतूहल, खुलेपणा, गुंतून जाणं, सर्जनशीलता, चिकाटी, जबाबदारी, लवचीकपणा आणि आपण कसा विचार करतो आहोत त्यावर स्वतःच नजर ठेवणं. यादी चांगली आहे, पण आठ गुण भिंतीवर चिकटवून कुणी लिहायला लागत नाही. कुतूहल वर येऊन गेलं, आणि गप्प बसून टीका ऐकणं म्हणजेच खुलेपणा. उरलेल्यांतली चिकाटी तेवढी जवळून पाहू, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

चिकाटी म्हणजे रात्र जागवणं असं मुलांना वाटतं. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयी तपासल्या होत्या. लहर येईल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा ठरवून नियमित लिहिणाऱ्यांचं लिखाण जास्त झालं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. म्हणजे मूड यायची वाट बघत बसलं की मूडही कमीच येतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जायला अर्धा तास लागतो. बसायला मिळालं तर फोनच्या नोट्समध्ये दहा ओळी होतात. काय लिहायचं? आज लेक्चरमध्ये जे कळलं नाही ते, शक्य तितकं नेमकं. 'मार्जिनल कॉस्ट (आणखी एक नग बनवायचा वाढीव खर्च) कळली नाही' यापेक्षा 'सरासरी खर्च कमी होत असताना मार्जिनल कॉस्ट वाढू कशी शकते हे कळलं नाही' ही ओळ कितीतरी पुढची आहे. ती लिहिणाऱ्याला कदाचित सानपाडा यायच्या आत उत्तरही सुचेल. यादीतली शेवटची सवय, स्वतःच्या विचारावर नजर ठेवणं, ती हीच.

आणि वाचन. ते करा हे सगळेच सांगतात, कसं करा ते कुणी सांगत नाही. ठाण्यात स्टेशनजवळ १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे जा, नाहीतर घरी येणारं वर्तमानपत्र घ्या. आवडलेला एकच परिच्छेद निवडा आणि त्यातलं प्रत्येक वाक्य काय काम करतं ते बघा. हे उदाहरण देतं, हे शंका काढतं, हे तिला उत्तर देतं. लेखक पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगतो की राखून ठेवतो? महिनाभर रोज एक परिच्छेद असा उसवलात, तर आपला बसवताना हात तेवढा चाचपडत नाही.

आणि उद्याच सबमिशन असेल तर

हे सगळं वाचून "पण मॅडम, माझं उद्याच आहे" म्हणणारे असतातच. मग असं करा. पहिला अर्धा तास लॅपटॉप बंद. कागदावर एकच प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुमचं प्रोजेक्ट देणार आहे. प्रश्न प्रश्नचिन्हाने संपला पाहिजे, 'अमुकचा अभ्यास' चालणार नाही. पुढचे दोन तास न थांबता, न पुसता लिहा, माहिती अडली तर कंस टाकून पुढे जा. मग जेवा. जेवणानंतर समासाचा खेळ, आणि जे परिच्छेद काही सांगत नाहीत ते निर्दयपणे उडवा. कंसातले आकडे आता शोधा आणि कुठून घेतले ते तिथल्या तिथे लिहून ठेवा, सकाळी आठवत नाही. झोपायच्या आधी एकदा मोठ्याने वाचन. शुद्धलेखन पहाटे, ताज्या डोळ्यांनी. कव्हर पेज, बॉर्डर आणि कॉलेजचा लोगो यांना रात्री हातही लावू नका. त्यात दोन तास कसे जातात कळत नाही, आणि स्पायरल बाइंडिंगवाला तसाही नऊच्या आत दुकान उघडत नाही.